नॅन्सी कुठून बोलते?

मंडळी, कारकुनाला आपण हसतो खरे, पण चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस ही आडनावं आली कुठून? लिहिण्यातून आणि हिशेबातूनच ना! शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी. पुढे त्यांच्या घराण्याचं आडनावच चिटणीस झालं. म्हणजे कचेरीच्या कामानं माणसाला नाव दिलं.

आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या नि इंग्लंडमधल्या कंपन्यांनी कचेरीचं जे काम इकडे धाडलं, त्यानं काय केलं? फोनवर बसवलेल्या पोरांचं नावच काढून घेतलं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती (नाव लिहीत नाही, तीही हे वाचते). तीन वर्षं मी हजेरीत तिचं नाव पुकारलं. २००४ साली ती पुण्यात एका कॉल सेंटरमध्ये लागली आणि 'नॅन्सी' झाली. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. म्हणजे दिवेलागणीला हिची सकाळ! त्याबद्दल माझी तक्रार नाही. रात्रपाळी गिरणीकामगारांनीही केली, नर्सबाई आजही करतात. पगाराबद्दल तर नाहीच नाही. त्याच सुमारास आपलं सरकार डी.एड. झालेल्या शिक्षणसेवकाला महिना ३००० रुपये मानधन देत होतं. तेव्हा या पोरांना नावं ठेवायला आपल्याला तोंड नाही.

माझं भांडण आहे ते खोट्याशी. उच्चार तिकडचे, हवापाण्याच्या गप्पा तिकडच्या, आणि "तू कुठून बोलतेस?" असं विचारलं की विषय बदलायचा. का, तर म्हणे गिऱ्हाइकाला नाव सहज घेता यावं. अहो, आमच्या खेड्यातल्या पोरांना मी 'चेकोस्लोव्हाकिया' म्हणायला शिकवलं, आणि त्यांना 'सुनीता' म्हणता येत नाही?

खरं कारण निराळं आहे. तिकडे ज्या बाईची नोकरी गेली, तिलाच उद्या आपल्या बिलासाठी फोन करायचा असतो. काम कुठे गेलं हे तिला कळता कामा नये! पैसे वाचवले कंपनीनं, आणि कधी कळलंच तर शिव्या खायच्या नॅन्सीनं. २००४च्या निवडणुकीत जॉन केरी यांनी असं काम बाहेर नेणाऱ्या कंपनीप्रमुखांना बेनेडिक्ट अर्नोल्ड, म्हणजे आपल्या भाषेत सूर्याजी पिसाळ, म्हटलं होतं. शब्द जहाल होता, पण निदान बोट योग्य माणसाकडे होतं.

आता तर कहरच झाला. टेलिपरफॉर्मन्स ही बडी फ्रेंच कंपनी भारतातल्या कर्मचाऱ्यांचे उच्चार बोलता बोलताच बदलणारं सॉफ्टवेअर वापरते आहे, अशी बातमी २०२५ मध्ये आली. आधी नाव, आता आवाज.

त्याच वर्षी अमेरिकेच्या सेनेटमध्ये दोन्ही पक्षांच्या सेनेटरांनी मिळून एक विधेयक मांडलं. फोन घेणाऱ्यानं आपण कुठे बसलो आहोत ते सांगावं, आणि गिऱ्हाइकानं मागितल्यास फोन अमेरिकेतल्या माणसाकडे द्यावा. आमच्या नातलगांत यावरून केवढा गहजब! "आपल्या मुलांच्या पोटावर पाय!" दुसरं कलम त्यांच्या मतांसाठी असेल, ते त्यांचं ते बघोत. पहिल्याला मात्र माझा पाठिंबा आहे. सांगू दे की पोरीला, "मी सुनीता, पुण्याहून बोलतेय."

एवढ्यानं काम जाईल म्हणता? ते आपल्या हुशारीवर भाळून आलेलं नाही, स्वस्त म्हणून आलं. २०१०-११च्या सुमारास फोनवरच्या कामात फिलिपिन्सनं आपल्याला मागे टाकलंच, तेव्हा ते अडवायला नॅन्सी हे नाव कुठे उपयोगी पडलं?

ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल भांडावं. फक्त निनावी नको, आपापल्या खऱ्या नावानं!