वीस पुतळे, एक चाल

टेबलावरच्या युद्धखेळांत डावपेचांपेक्षा पुतळे सरकवण्यातच जास्त वेळ जाऊ शकतो. दोन्ही बाजूंना शंभर-शंभर सैनिक असले आणि प्रत्येक सैनिक टेपने मोजून हलवायचा ठरवला, तर एका फेरीतच दोनशे मोजमापे होतात. म्हणून अख्खी तुकडी एकाच चालीत पुढे कशी न्यायची, हा प्रश्न सुट्या सैनिकांच्या खेळांइतकाच जुना आहे.

प्रशियातील लष्करी अधिकारी गेओर्ग फॉन राइसविट्झ याच्या १८२४ सालच्या ‘क्रीगश्पील’मध्ये हा प्रश्न उद्भवलाच नाही. त्यात सुटे सैनिक नव्हते. १:८००० प्रमाणाच्या नकाशावर एकेक ठोकळा म्हणजे एकेक तुकडी होती. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’मध्ये खेळण्यातले सुटे सैनिक घेतले. पायदळाला एक फूट आणि घोडदळाला दोन फूट चाल दिली. खेळ रेंगाळू नये म्हणून प्रत्येक चालीला वेळेची मर्यादाही घातली.

रांगांत लढणाऱ्या तुकड्यांसाठी आज सर्रास वापरला जातो तो ट्रे. २० मिलिमीटरच्या चौकोनी बेसवरचे, म्हणजे पुतळ्याखालच्या बैठकीवरचे, वीस सैनिक पाच-पाचच्या चार रांगांत उभे केले, की तुकडी १०० मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर खोल होते. ट्रेचा आतला भाग याहून एक-दोन मिलिमीटर मोठा ठेवतात, नाहीतर रंगामुळे जाड झालेले बेस अडकतात. मागची कड उघडी ठेवली, तर मेलेले सैनिक मागच्या रांगेतून सहज काढता येतात. पुढची कड मात्र अडचणीची ठरते, कारण शत्रूला भिडताना दोन तुकड्यांमध्ये फट राहते. म्हणून अनेक खेळाडू बिनकडेचा पत्रा घेतात आणि बेसखाली लहान चुंबक चिकटवतात. चढावरही मग पुतळे घसरत नाहीत. गोल बेससाठी खळगे पाडलेले ट्रे मिळतात. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या २०१८ सालच्या खेळात पायदळाच्या बारा सैनिकांची तुकडी अशाच ट्रेमध्ये उभी राहते.

ट्रेचा खरा उपयोग वळताना कळतो. तुकडी पुढच्या एका कोपऱ्यावर स्थिर राहून फिरते आणि बाहेरच्या कोपऱ्याने कापलेले अंतर चालीतून वजा होते. १०० मिलिमीटर रुंद तुकडीला काटकोनात वळण्यासाठी सुमारे १५७ मिलिमीटर, म्हणजे सहा इंचांहून थोडे जास्त अंतर लागते. चार इंच चाल असलेले पायदळ एका फेरीत जेमतेम ५८ अंश वळते. ट्रेमुळे हे एकाच कोपऱ्यावर मोजता येते. सुट्या सैनिकांत रांग वाकडी होते आणि वाद सुरू होतो.

‘वॉरहॅमर ४०,०००’सारख्या खेळांत रांगा नसतात, सैनिकांनी एकमेकांपासून ठरावीक अंतरात राहणे पुरते. तिथे आघाडीचा एक सैनिक मोजून ठेवावा, बाकीचे त्याच्याभोवती त्याच आकारात मांडावेत आणि शेवटी फक्त मागून पुढे आलेल्यांचे अंतर तपासावे.

काही नियमावल्यांनी हे काम आधीच हलके केले आहे. फिल बार्कर यांच्या ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’मध्ये (१९९०) प्रत्येक सैन्यात बाराच तुकड्या असतात. दर तुकडीतले पुतळे एकाच बेसवर कायमचे चिकटवलेले असतात. फाशावर जितके दान पडेल तितक्या चाली मिळतात. एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या तुकड्या मात्र एकाच चालीत एकत्र सरकतात. रांग मोडली की प्रत्येक तुकडीला वेगळी चाल लागते. त्यामुळे फळी राखणे हाच इथला डावपेच ठरतो.

सगळ्या नियमांना चालेल असा एकच उपाय नाही. कायमचे चिकटवलेले पुतळे सर्वांत वेगाने हलतात, पण एकेक सैनिक बाद करणाऱ्या खेळात ते गैरसोयीचे ठरतात. चुंबक आणि ट्रे दोन्हीकडे चालतात. नव्याने सैन्य जमवणाऱ्याने आधी नियमावली ठरवावी, बेसचे माप तपासावे आणि मगच डिंकाला हात लावावा.