थप्पड मारून मराठी वाढत नाही

कुंभकोणमला आल्यापासून तमिळ शिकतोय. कोणी कानफटात मारली म्हणून नव्हे. जवानाची भाषा अधिकाऱ्याने शिकायची, ही फौजेची जुनी रीत.

एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्राने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली आणि 29 जूनला माघार घेतली. माघार योग्यच होती, सक्ती चूक होती. पण लगेच मीरा रोडला मराठी बोलला नाही म्हणून दुकानदाराला थोबाडीत मारली गेली. ती सक्ती नव्हे तर काय? एकट्या निःशस्त्र माणसावर हात टाकण्याला आम्ही फौजी शौर्य म्हणत नाही.

इथून चाळीसेक किलोमीटरवर तंजावर. भोसल्यांच्या हाती तिथे तलवार होती, सत्ता होती. तरी शहाजी राजांनी तेलुगूतही नाटकं लिहिली. सरफोजी राजांनी मराठीसाठी काय केलं? 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. सरस्वती महालात मोडी कागदांचे गठ्ठे आजही आहेत. अभिजात दर्जाचे पेढे वाटणाऱ्यांपैकी किती जणांना ते वाचता येतील?

मंडळी, हात शिवशिवत असतील तर मोडी गिरवा. आणि पोरांना मराठी शाळेत घाला.