नाडीचा ताल चुकतो तेव्हा



पिकांवर बोलणारा हा माणूस आज छातीवर कसा आला, असे तुम्ही म्हणाल. गेल्या खरिपात रिसोड तालुक्यात सोयाबीनची पाहणी चालू होती. सोबतचे काका मटकन धुऱ्यावर बसले. "काही नाई साहेब, छातीत जरासं फडफडते. येते अन् जाते. सोंगणी झाली की दाखवीन." मी नाडी धरली. ठोक्यांना ताल नव्हता.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून विजेची बारीक लहर जाते आणि तिच्या इशाऱ्यावर ते आकुंचन पावतात. सरीतून पाणी जावे तशी ती सरळ जावी लागते. वाढलेला रक्तदाब, लहानपणीच्या सांधेतापाने बिघडलेली झडप, दारू किंवा उतारवय यांमुळे कप्पा ताणतो आणि मऊ स्नायूत जागोजाग वणासारखे चिवट तंतू तयार होतात. सरीत ढेकूळ आडवे आले की पाणी वळसा घेते, भलतीकडे फुटते. लहरीचेही तसेच होते. मग कप्पा नुसता थरथरतो.

१९९५ साली हॉलंडमधील मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी बकऱ्यांवर प्रयोग केला. सुरुवातीला ही थरथर लवकर थांबे. ती पुन्हापुन्हा सुरू करत राहिल्यावर काही दिवसांनी बहुतेक बकऱ्यांमध्ये ती आपोआप थांबेना. ओघळ जसा पावसागणिक खोल होतो, तसाच हा रोग. ओघळ लहान असतानाच बांध घालणे सोपे.

थरथरत्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली तर लकवा मारतो. म्हणून एवढे करा:

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी पाहा. एखादा ठोका चुकणे म्हणजे नेहमीच रोग नव्हे. पण ताल सारखा बिघडत असेल तर डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढा. फडफड चालू असतानाच काढला तर उत्तम. रक्त पातळ ठेवणारी गोळी मिळाली तर ती मनाने बंद करू नका. मुलांचा घसा दुखून ताप आला तर अंगावर काढू नका. सांधेतापाची सुरुवात तिथूनच होते.

काकांना मी त्याच दिवशी गाडीवर बसवून दवाखान्यात नेले. ते आता गोळ्या घेतात आणि रब्बीचा हरभराही त्यांनी पेरला. सोंगणी चार दिवस थांबते, बंधूंनो. गुठळी थांबत नाही.