मोबाईलवर एसटी दिसते, फाट्यावर येत नाही. घोळ होतो कुठे?

आगारातल्या फळ्यावर 'सायं. ५.३०, शाळा असल्यास' एवढं लिहिलं की गावातल्या कुणालाही कळतं, सुट्टीत ही गाडी नाही. मोबाईलला ते कळत नाही. फाईलमध्ये जे भरलं तेवढंच तो सांगतो. म्हणून गाडी मोबाईलवर दिसते अन् माणूस फाट्यावर ताटकळतो, तेव्हा दोष अनेकदा अ‍ॅपचा नसतो, वेळापत्रक फाईलमध्ये भरण्याचा असतो.

यासाठी जगभर 'जीटीएफएस' नावाचा साचा चालतो. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची बससेवा आणि गूगल यांनी २००५ मध्ये त्याची सुरुवात केली. दिल्ली सरकारने २०१८ मध्ये बसची माहिती याच साच्यात सर्वांसाठी खुली केली. साचा अवघड नाही. थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक थांब्यावरची वेळ आणि गाडी चालण्याचे दिवस, अशा साध्या मजकुराच्या वेगवेगळ्या फाईली असतात. रकाने स्वल्पविरामाने वेगळे होतात. थांब्याच्या नावातच स्वल्पविराम आला आणि ते नाव अवतरणचिन्हात टाकलं नाही, तर पुढचे सगळे रकाने सरकतात.

ग्रामीण भागात खरी अडचण पुढेच आहे.

वेळ : साच्यात घड्याळ २४ तासांचं. सायंकाळची ५.३० तशीच भरली तर गाडी पहाटेची होते. तिथे १७:३०:०० लागतं. रात्री ११.३० ला सुटून १.१० ला पोचणाऱ्या गाडीची वेळ २५:१०:०० लिहितात. नाहीतर गाडी सुटण्याआधीच पोचल्याचं दिसेल.

मुक्कामी गाडी : संध्याकाळी येणारी एक फेरी, सकाळी सुटणारी दुसरी. दोन्ही वेगळ्या भरायच्या.

वार : सोमवार ते रविवार प्रत्येक वारापुढे १ किंवा ०. मंगळवारी बाजार असेल तर मंगळवारी १, बाकी ०. शाळेच्या गाडीला सुरुवातीची व शेवटची तारीख द्यावी लागते. मधल्या सुट्ट्या वेगळ्या फाईलमध्ये.

थांबा : पिंपळगाव, वडगाव नावाची गावं किती आहेत ते सगळ्यांना ठाऊक. म्हणून प्रत्येक थांब्याला स्वतंत्र क्रमांक आणि अक्षांश-रेखांश हवेत. गाडी फाट्यावरून जाते, पण नकाशावरची खूण तीन किलोमीटर आत गावात टाकली, तर मोबाईल म्हणणार गाडी गावात येते.

हा घोळ कुणाला महागात पडतो? दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला अन् शेवटच्या गाडीवर अवलंबून असलेल्या कॉलेजच्या पोरींना. ज्याच्या दारात मोटारसायकल आहे, त्याचं फारसं अडत नाही.

फाईल भरणारा माणूस शहरात बसलेला असला तर फाटा कुठला अन् गाव कुठलं, हे त्याला कळणं अवघड. ते वाहक-चालकांना आणि गावकऱ्यांना माहीत असतं. थांब्यांची यादी अंतिम होण्याआधी ग्रामपंचायतीत एकदा वाचून दाखवली, तरी बऱ्याच चुका तिथेच निघतील. शिवाय एकदा भरून भागत नाही. फेरी बंद झाली की त्याच दिवशी फाईल बदलली पाहिजे.

तोवर शेवटची गाडी पकडायची असेल तर मोबाईलवर विसंबू नका, आगारात विचारूनच निघा.