आयात रसायनांची माहिती मालाच्या आधी पोहोचावी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड,
तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती गट (रासायनिक अपघात), अलिबाग

विषय : न्हावा-शेवा बंदरातून येणाऱ्या घातक रसायनांची पूर्वसूचना आणि पडून राहिलेल्या मालाची विल्हेवाट याबाबत.

महोदय,

परदेशातून येणारी रसायने महाड, लोटे, तारापूर, पाताळगंगा येथील कारखान्यांना लागतात, हे आम्ही जाणतो. ही आयात थांबवा असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, परदेशी उत्पादकाला आपल्या मालाविषयी जे ठाऊक असते ते बंदरात उतरेपर्यंत मालासोबत येते आणि त्यापुढे मागे पडते. कंटेनर उरण-पनवेलच्या यार्डात येतो, पण आत काय आहे आणि आग लागली तर काय करायचे नाही, हे यार्डातल्या कामगाराला, ट्रेलरचालकाला आणि जवळच्या अग्निशमन केंद्राला कळत नाही. धोका या तुटीतून उभा राहतो.

बैरूतचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. २०१४ मध्ये उतरवून गोदामात ठेवलेले अमोनियम नायट्रेट ४ ऑगस्ट २०२० रोजी फुटले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. तिथल्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी आधी लेखी इशारे दिले होते. निर्णय मात्र कोणी घेतला नाही. त्यानंतर चेन्नईजवळ मणलीच्या कंटेनर यार्डात २०१५ पासून जप्त करून ठेवलेले सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट काही दिवसांत हलवले गेले. पाच वर्षे जे अडले होते ते दुसऱ्याच्या दुर्घटनेनंतर आठवड्याभरात सुटू शकते, तर अडचण कायद्याची नव्हती हे उघड आहे. मुंबईलाही हा अनुभव आहे. शिवडीच्या हाजी बंदरात आयातदाराने न सोडवलेली क्लोरीनची सिलिंडर वर्षानुवर्षे गंजत पडली आणि १४ जुलै २०१० रोजी गळती होऊन शंभराहून अधिक लोकांना बाधा झाली.

सीताकुंडची घटना आमच्या परिस्थितीच्या अधिक जवळची आहे. जून २०२२ मध्ये चित्तगावजवळ सीताकुंड येथील एका कंटेनर डेपोत आग लागली. आत हायड्रोजन पेरॉक्साइड आहे हे विझवायला आलेल्या जवानांना माहीत नव्हते. सुमारे ५० जणांचा मृत्यू झाला, त्यांत काही जवानही होते. माल निर्यातीचा होता, पण डेपोची घडण आमच्याकडच्या यार्डांसारखीच आहे. रसायनाचे नाव कळणे हा कागदी सोपस्कार नाही. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी मारले तर ॲसिटिलीन वायू तयार होऊन आग भडकते. स्टायरीनमध्ये उत्पादक प्रतिबंधक द्रव्य मिसळून पाठवतो. ते काळानुसार आणि तापमानानुसार संपत जाते. मे २०२० मध्ये विशाखापट्टणमला साठवलेल्या स्टायरीनची वाफ पसरून १२ माणसे गेली. म्हणजे काही मालाला पडून राहण्याची मुदतच असते आणि ती फक्त उत्पादकाच्या कागदावर लिहिलेली असते.

यावर पहिले उत्तर मिळते की कायदा आहेच. तो आहे. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांतील नियम १८ नुसार आयातदाराने मालाचे प्रमाण, बंदर आणि सुरक्षेची संपूर्ण माहिती आधी कळवायची असते आणि ती बंदर प्राधिकरणाला दिली जाते. पण तो नियम बंदराच्या आवारातील उतराई आणि साठवणुकीचा विचार करतो. आमचे बहुतेक यार्ड त्या आवाराबाहेर, गावांना लागून आहेत. ही फट आपल्या अधिकारात बुजवता येते.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि खर्चाचा. माल जहाजावर चढतानाच त्याचा यूएन क्रमांक, धोक्याचा वर्ग आणि वजन जाहीर करावे लागते. तीच माहिती यार्डाला आणि अग्निशमन केंद्राला पुढे पाठवायची आहे; त्यासाठी कंटेनर तासभरही थांबवायला नको. व्यापारी गुपिताचा प्रश्नही येत नाही, कारण आम्हाला मिश्रणाचे सूत्र नको आहे. माहिती चुकीच्या हाती पडण्याची भीती मात्र रास्त आहे. म्हणून ती जाहीर न करता केवळ यार्ड, अग्निशमन केंद्र आणि आपले कार्यालय यांच्यापुरती ठेवावी. लहान आयातदार मोठ्या परदेशी उत्पादकाकडून अटी मान्य करून घेऊ शकत नाही, हेही खरे. बंदराने सर्वांना एकच अट घातली तर त्याला एकट्याने भांडावे लागणार नाही.

पडून राहिलेल्या मालाबाबत न्यायालयीन वादाचे कारण दिले जाते. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४८ नुसार घातक माल ३० दिवसांची वाट न पाहता अधिकाऱ्याच्या परवानगीने विकता येतो. जप्त मालासाठी कलम ११० आहे, ज्यात नमुने आणि प्रमाणित यादी राखून उरलेल्याची विल्हेवाट लावता येते. पुरावा टिकवण्यासाठी अख्खा साठा वस्तीशेजारी ठेवण्याची गरज नाही.

म्हणून आमची मागणी अशी की, घातक वर्गातील प्रत्येक कंटेनर यार्डात शिरण्यापूर्वी उत्पादकाचे सुरक्षा माहितीपत्रक, त्याचा मराठी गोषवारा, साठवणुकीची मुदत आणि उत्पादकाचा चोवीस तास चालणारा आपत्कालीन दूरध्वनी यार्डाकडे व अग्निशमन केंद्राकडे असल्याशिवाय त्याला प्रवेश देऊ नये, असा आदेश आपण बंदर प्राधिकरण आणि सीमाशुल्क विभागाशी बोलून काढावा. चालकाला हा गोषवारा हातात मिळावा. तीस दिवसांहून जास्त पडून असलेल्या घातक मालाची यार्डनिहाय यादी, तो का अडला आणि निर्णय कोणाकडे आहे यांसह, जिल्हा आपत्ती गटापुढे यावी. १९९६ च्या नियमांप्रमाणे या गटाची बैठक दर ४५ दिवसांनी व्हायची असते. अशी पहिली यादी येत्या बैठकीतच मांडावी आणि त्या बैठकीला कामगार, चालक व लगतच्या ग्रामपंचायतींच्या प्रतिनिधींना बोलवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
उरण व पनवेल तालुक्यांतील यार्ड कामगार, ट्रेलरचालक आणि रहिवासी

प्रत : मा. अध्यक्ष, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण, मा. मुख्य आयुक्त, सीमाशुल्क, न्हावा-शेवा