आधी धडा, मग माल

गेल्या दिवाळीनंतर पंधरा दिवस पुण्याला मुलाकडे होतो. निवृत्त माणसाला मुलाच्या घरी फारसे काम नसते. त्यामुळे एका सकाळी सूनबाईंनी, "बाबा, किराणा आणायला येता का?" असे विचारले, तेव्हा मी लगेच चपला पायात सरकवल्या. निघताना तिने माझ्या हाती एक कापडी पिशवी दिली. आत पाच-सहा रिकाम्या बरण्या आणि स्टीलचे दोन डबे. मला वाटले, वाटेत कुणाचे तरी परत करायचे असतील.

दुकानाच्या दारातच मी थबकलो. भिंतीला लावलेल्या उभ्या काचेच्या नळकांड्यांत डाळी, तांदूळ, शेंगदाणे भरलेले. खालची खिट्टी ओढली की माल आपल्या बरणीत. भांड्यांचा साबणसुद्धा पिंपाच्या तोटीतून घ्यायचा. गल्ल्यावरच्या मुलीने आमची रिकामी बरणी आधी काट्यावर ठेवली, वजनाचा आकडा चिठ्ठीवर लिहून तिला चिकटवला आणि म्हणाली, "भरून आणा, एवढे वजा करते." ही परदेशातली नवी पद्धत, असे सूनबाई मला समजावून सांगू लागली. मी म्हटले, "अगं, याला आमच्याकडे धडा करणे म्हणतात."

तिने हा शब्द ऐकलेला नव्हता. तिचा दोष नाही. तराजूच्या एका पारड्यात गिऱ्हाइकाचे रिकामे भांडे ठेवायचे, दुसऱ्यात खडे, खिळे, जे हाताशी असेल ते टाकून काटा मध्यावर आणायचा आणि मगच माल घालायचा, याला धडा म्हणत. ज्या मालाला पुडा नाही आणि जो गिऱ्हाइकाच्या भांड्यात जायचा, त्याच्यासाठीच धड्याची गरज. पुडा आला, धडा गेला. आणि पाठोपाठ शब्दही गेला.

लंडनमध्ये २००६ साली कॅथरीन कॉनवे यांनी 'अनपॅकेज्ड' सुरू केले, २०१४ मध्ये बर्लिनमध्ये तसेच दुकान निघाले, आणि मग ही कल्पना जगभर फिरली. गोव्यात अशा एका दुकानाचे नाव 'इकोपसरो' आहे. पसरो म्हणजे कोकणीत किराण्याचे दुकान. ते नाव मला फार आवडले. ज्याने ते ठेवले त्याला आपण नवे काही करत नसून जुनेच परत मांडतो आहोत, हे ठाऊक असले पाहिजे.

मी बिलोलीचा. नांदेड जिल्ह्याचे हे टोक. मांजरा ओलांडली की तेलंगणा. आमच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि दखनी एकाच वाक्यात नांदतात, आणि किराणा दुकानदाराला आम्ही सावकार म्हणतो, मग तो व्याजबट्टा करो न करो. माझ्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकाच्या अखेरीस, किलोची वजने आली होती; पण आजीच्या तोंडी शेर, अधोली, पायलीच होती. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. तेलाला किटली न्यायची, गुळाला फडके. करडई घरची असली तर ती तेल्याकडे द्यायची; तो तेल आपल्या भांड्यात ओतून देई आणि पेंड मजुरीत ठेवून घेई. उरलेल्या जिनसा कागदाच्या पुडीत. पुडीचा दोरासुद्धा आजी गुंडाळून ठेवी. आमच्या घरी केराची टोपली होती की नाही, हेच मला आठवत नाही.

पण हे सारे सांगून गळा काढण्यात अर्थ नाही. त्या सुट्या मालात काय काय होते, हेही मला आठवते. तुरीच्या डाळीत लाखेची डाळ, मिरचीत विटेचा भुगा, तिरीचे दगड. पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवणारे महाभाग होते. मापाच्या बुडाला आतून पोचा पाडलेला असे. सर्वांत भयंकर धडा दिल्लीने दिला. ऑगस्ट १९९८ मध्ये मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळल्याने जलोदरासारखा रोग पसरला आणि कितीतरी माणसे दगावली. त्यानंतर खाद्यतेल सीलबंदच विकावे असा केंद्राचा आदेश निघाला, आणि २०११ च्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही तो बंधनकारकच राहिला. पुडक्यावर वजन, तारीख, कमाल किंमत छापलेली असते. अक्षरओळख असलेल्या कोणालाही दुकानदाराशी भांडता येते. गरीब गिऱ्हाइकाला मिळालेले ते पहिले कागदी हत्यार होते. प्लॅस्टिक आपल्या आळसामुळे आले असे म्हणणारे हे विसरतात. पुष्कळसे ते आपल्या अविश्वासामुळे आले.

दुसरे कारण पैशाचे. तामिळनाडूत कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पुडीत भरून विकला, आणि १९८३ पासून त्यांच्या मुलाने, सी. के. रंगनाथन यांनी, 'चिक'ची पुडी खेड्यापाड्यांत नेली. पुढे चहा, वॉशिंग पावडर, लोणचे, केसांचे तेल, सारेच पुडीत आले. रोजंदारीवरच्या बाईजवळ महिन्याचे पैसे नसतात, दिवसाचे असतात. म्हणून पुडी खपते, असे कंपन्या सांगतात. खरे आहे. पण ती बाई त्याआधीही चार आण्यांचे तेल आणि आठ आण्यांची साखर घेतच होती. थोडके घेण्याची सोय पुडीने दिलेली नाही. ती सोय आधीच होती. पुडीने तिला प्लॅस्टिकचा अंगरखा चढवला, इतकेच. हा अंगरखाही असा, की प्लॅस्टिक आणि धातूचा वर्ख एकावर एक चिकटवलेला. तो वेगळा करता येत नाही म्हणून भंगारवाला घेत नाही, भंगारवाला घेत नाही म्हणून कचरावेचक उचलत नाही. उरतो नाला, जनावराचे पोट, नाहीतर गावाबाहेर धुमसणारा उकिरडा. आमच्या नाल्यातले मांजरेत जाते, मांजरा कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. आमची पुडी राज्याची सीमा ओलांडते, तेव्हा तिला कोणी अडवत नाही.

इथे माझाही एक हिशेब द्यायचा आहे.

१९९५ च्या सुमारास मी सीमाभागातल्या एका शाखेत कर्जाचे टेबल सांभाळत होतो. एकाच महिन्यात दोन अर्ज आले. एक तेल्याचा. बैलाचा घाणा मोडून विजेवरचा लहान घाणा घालायला त्याला पंचवीस हजार हवे होते. दुसरा एका पदवीधर तरुणाचा. पंतप्रधान रोजगार योजनेत त्याला मिरचीपूड पाऊचमध्ये भरायचे यंत्र घ्यायचे होते. धर्माबादची मिरची जवळच, त्यामुळे कागदावर प्रकल्प झकास दिसत होता, आणि योजनेचे उद्दिष्ट मार्चअखेर पुरे करायचे होते. तरुणाचे कर्ज मी मंजूर केले. तेल्याच्या अर्जावर लिहिले : 'घटती मागणी; व्यवहार्य नाही.' चार वर्षांत मोठ्या कंपन्यांच्या मसाल्यापुढे ते पाऊच टिकले नाहीत आणि खाते थकीत गेले. तेली पुन्हा बँकेत आला नाही. आज पुण्यात लाकडी घाण्याचे तेल साध्या तेलाच्या दुप्पट भावाने विकले जाते, आणि लोक ते काचेच्या बाटलीत हौसेने नेतात. माझा शेरा त्या दिवशीच्या आकड्यांना धरून होता. नाल्यात जाणाऱ्या पुडीचा खर्च मात्र माझ्या नमुन्यातल्या कोणत्याच रकान्यात नव्हता. तो आजही कुठल्या रकान्यात आहे?

कायदे झाले नाहीत असे नाही. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या प्रलयानंतर पिशव्यांनी तुंबलेल्या गटारांकडे बोट दाखवले गेले आणि ५० मायक्रॉनखालच्या पिशव्यांवर राज्यात बंदी आली. २३ मार्च २०१८ ची अधिसूचना त्याहून कडक होती : पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड. पण अंमल सुरू होऊन काही दिवस होतात न होतात तोच किराणा मालाच्या जाड पॅकिंगला सवलत मिळाली. दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे परतीची किंमत छापून ती परत घ्यावी, असेही त्या अधिसूचनेत होते. माझ्या वाट्याला ते पन्नास पैसे अजून आलेले नाहीत. १ जुलै २०२२ पासून देशभर काड्या, चमचे, ताटल्या यांवर बंदी आली. छापील पुडी तिच्यातून सुटली. म्हणजे भाजीवालीची पिशवी गुन्हा, कारखान्याची पुडी व्यापार.

असो. पुण्याहून परतल्यावर मी बिलोलीत महिनाभर डबे घेऊन बाजार करायचे ठरवले. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी अनुभव सांगतो.

पहिला आठवडा काहीच बदलू नये. घरातला रिकामा पुडा न पुडा एका पोत्यात टाकावा आणि शेवटी मोजावा. आम्ही दोघेच माणसे, तरी एकतीस निघाले. त्यातले निम्मे तीनच जिनसांचे होते : दूध, बिस्किटे, फरसाण. सुरुवात कुठून करायची हे पोतेच सांगते.

नवे काही विकत घेऊ नये. शहरात या हौसेपायी लोक आधी काचेच्या बरण्यांचा संच मागवतात, आणि तो येतो प्लॅस्टिकच्या फुग्यांत गुंडाळून. आपल्या फळीवर तूप-लोणच्याच्या बरण्या असतातच. त्या धुऊन कडकडीत वाळवाव्यात. ओल्या बरणीत डाळ भरली की तिला बुरशी धरते आणि उत्साहही तिथेच नासतो. कोरड्या जिनसांना जुन्या धोतराच्या किंवा साडीच्या पिशव्या शिवून घ्याव्यात. वजनाला हलक्या, बाजाराला सोयीच्या.

मग धडा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर तो करायला दोन सेकंद लागतात. रिकामा डबा ठेवायचा, बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा, मग माल. काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा त्या वर्षीचा शिक्का आहे ना, तेही पाहावे. मिठाईच्या दुकानात तर धडा जरूर मागावा. पेढ्याच्या भावात खोक्याचा पुठ्ठा आपण वर्षानुवर्षे विकत घेत आलो आहोत.

आमच्या सावकारांनी पहिल्या दिवशी माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले. "सायेब, डबा कशाला आणलाव? पुडीत बांदून देतो की." मी म्हटले, सुटे द्या. ज्वारी, तांदूळ, डाळी, गूळ, शेंगदाणे, मिरच्या, हळकुंडे, सारे पोत्यातले निघाले, आणि पुड्यापेक्षा स्वस्त. १८ जुलै २०२२ पासून पुड्यात बांधून छाप मारलेल्या धान्याला पाच टक्के जीएसटी लागला, सुट्याला लागला नाही. हा एक फरक करप्रणालीने नकळत आमच्या बाजूने केला. पुण्यात हाच सुटा माल सेंद्रिय म्हणून चढ्या भावाने मिळतो. तिथे कचरा न करणे ही ऐपतीची गोष्ट झाली आहे. बिलोलीत ती अजून काटकसरीची आहे. तालुक्याच्या गावांची ही श्रीमंती आहे आणि ती फार दिवस राहील असे नाही. सावकारांचा मुलगा दुकानात फळ्या लावून पुडे मांडायच्या बेतात आहे. त्याला मी दोष देत नाही. पोत्याला उंदीर लागतो, घट येते, निवडायला माणूस लागतो. पुड्याला काहीच लागत नाही.

तेलाशी मात्र अडलो. सुटे तेल कायद्याने विकता येत नाही, आणि १९९८ आठवले की तो कायदा मोडावा असेही वाटत नाही. त्यावर तोड जुनीच आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून घाऊक माल घेऊन सभासदांच्या गटांत वाटत आली आहे. आम्ही शेजारची चार घरे मिळून पंधरा किलोचा एक सीलबंद डबा आणतो आणि घरी वाटून घेतो. पत्र्याचा रिकामा डबा वाया जात नाही, कोणीतरी मागून नेतोच. चहा, मीठ, औषधे यांना मला उपाय सापडला नाही. दूध गवळ्याकडून भांड्यात घेतो, पण ज्या दिवशी तो येत नाही त्या दिवशी पिशवी येते. कागदाच्या पुडीकडेही परत जाता येत नाही. छपाईची शाई अन्नाला लागते म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच बजावले आहे. तेव्हा वाचकहो, या पुरवणीत भजी बांधू नका.

महिनाअखेर पोत्यात बेचाळीस पुडे जमले. पहिल्या हिशेबाने सव्वाशे व्हायला हवे होते. नफा आहे, पण तो मिरवण्याजोगा नाही, हे मला दुकानातच कळले. एके संध्याकाळी मी काट्यावर डबा ठेवून उभा असताना शेतातून परतलेली एक बाई आली. तिच्या हातात तेलाची रिकामी बाटली होती, माझ्याहून जुन्या सवयीची. "धा रुपयाचं त्याल द्या." सावकारांनी मान हलवली आणि माळेतून दोन पुड्या तोडून दिल्या. तिने बाटली पदराखाली घेतली, पुड्या दातांनी ओढून पाहिल्या, पैसे ठेवले आणि गेली. मला पंधरा किलोच्या डब्याची वाटणी परवडते. तिला ती परवडत नाही, आणि तिच्या बाटलीत शुद्ध तेल घालून देणारी शिक्क्याची, तपासणीची तोटी अजून कोणी आमच्या गावात बसवलेली नाही. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी आपण देशभर परत करतो, अनामत भरतो, भरलेली घेतो, आणि तिच्या वजनावर विश्वासही ठेवतो. एका जिनसाला जे जमले ते दुसऱ्याला का जमू नये, एवढाच माझा प्रश्न आहे. असा प्रकल्प घेऊन कोणी तरुण आज बँकेत गेला, तर माझ्या जागी बसलेल्या अधिकाऱ्याने शेरा लिहिण्याआधी एकदा नाल्यापर्यंत चालत जाऊन यावे.

परवा सावकारांनी माझ्या डाळीच्या डब्याच्या बुडाला शाईने '४८०' लिहून दिले. "सारका सारका धडा कशाला करायचा, सायेब?" शेजारच्या दोन घरांचे डबेही आता तिथे आकडे घालून ठेवलेले दिसतात.