८ मे १९४५ : अर्धीच तारीख

गाजलेल्या तारखा बाकीचा इतिहास झाकून टाकतात, अशी तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं. तारखा म्हणजे खुंट्या. रोज हजार गोष्टी घडतात, सगळ्या टांगणार कुठे? आणि एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या तर तो योगायोग, त्यात दोष कुणाचा?

कधी कधी हे खरंही असतं. २२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींची हत्या झाली. त्याच दिवशी ऑल्डस हक्सली आणि सी. एस. लुईस वारले, त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. तो योगायोगच, आणि त्यानं हक्सलींचं काही बिघडलं नाही. पण हाच न्याय ८ मे १९४५ ला लावायला गेलात, तर तो टिकत नाही.

जर्मनीच्या शरणागतीचा जल्लोष पॅरिस-लंडनमध्ये चालला होता, तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जीरियात, सेतिफ गावात, मंगळवारचा बाजार भरला होता. मिरवणूक तिथंही निघाली, विजयाचीच. परवानगी होती, अट एवढीच, की राजकीय फलक नकोत. फलक निघाले, अल्जीरियाचा झेंडाही निघाला, तसे पोलिस आडवे आले. झेंडा धरलेला बुझिद साल हा तरुण गोळी लागून पडला. मग पिसाळलेल्या जमावानं युरोपीय वसाहतवाल्यांवर हल्ले केले, शंभरएक माणसं मारली. हेही लपवायचं कारण नाही. पण त्यानंतरचा सूड कित्येक आठवडे चालला. विमानांनी गावांवर बॉम्ब टाकले, बूजीच्या आखातातून युद्धनौकेनं डोंगरातल्या वस्त्यांवर तोफा डागल्या. जवळच्या गेल्मा गावात तर गोऱ्या नागरिकांच्याच हत्यारबंद टोळ्यांनी माणसं उभी करून गोळ्या घातल्या; प्रेतं चुन्याच्या भट्टीत जाळली.

यात योगायोग कुठला? अल्जीरियन सैनिक नुकतेच फ्रान्सच्या झेंड्याखाली इटलीत लढले होते. हिटलरपासून फ्रान्स सुटला, मग आम्ही का नाही, असं त्यांच्या गावानं विजयाच्या दिवशी विचारणार नाही तर कधी? सेतिफ हा त्या तारखेचाच भाग आहे, तिच्या शेजारी चुकून येऊन पडलेला प्रसंग नव्हे.

‘जे महत्त्वाचं ते आपोआप लक्षात राहतं’ हा दुसरा युक्तिवाद तर भाबडाच. मेलेल्यांची मोजणी मारणाऱ्यांच्याच हाती होती. फ्रेंच सरकारचा आकडा हजार-दीड हजार, अल्जीरिया सांगतो ४५,०००; इतिहासकार या दोहोंमध्ये कुठेतरी, पण सरकारी आकड्याच्या कितीतरी वर. ही अक्षम्य शोकांतिका होती असं फ्रान्सच्या राजदूतानं सेतिफमध्ये येऊन म्हटलं ते २००५ मध्ये. मोर्चात सापडलेला शाळकरी कातेब यासीन तुरुंगात गेला, पुढे अल्जीरियाचा मोठा लेखक झाला. त्याला आठवायला एवढी वर्षं लागली नव्हती.

दडपशाही चालवणाऱ्या जनरल द्युवालनं वरिष्ठांना बजावलं होतं, की मी तुम्हाला दहा वर्षांची शांतता मिळवून दिली आहे, सुधारणा केल्या नाहीत तर याहून भयंकर होईल. साडेनऊ वर्षांतच अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. ते सुरू झालं १ नोव्हेंबर १९५४ ला, असं आता सगळीकडे छापलेलं असतं. म्हणजे पुन्हा एक गाजलेली तारीख.